मदत हवी आहे: गावकीने वाळीत टाकलंय, पुरावा कसा उभा करायचा?

गाव रत्नागिरी जिल्ह्यात. काकांनी देवळाच्या वर्गणीचा हिशोब मागितला म्हणून गावकीने बैठक घेऊन वाळीत टाकलं. शिमग्याला पालखी आमच्या अंगणात आलीच नाही, काकू ओटीचं ताट घेऊन दारात उभी आणि ढोल शेजाऱ्याकडे. दुकानदार तर सरळ म्हणतो, तुम्हाला सामान दिलं तर मलाच दंड बसेल.

गावकीच्या अध्यक्षांना भेटून झालं, ते म्हणतात आधी दंड भरा आणि देवळात सगळ्यांसमोर माफी मागा. काका दोन्हीला तयार नाहीत आणि माझ्या मते बरोबरच आहे. पोलीस म्हणाले गावातच मिटवा. सामाजिक बहिष्काराचा २०१६ चा कायदा वाचलाय, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, दखलपात्र गुन्हा आहे हे माहितीये, त्यामुळे प्लीज तेवढंच परत सांगू नका.

अडचण अशी की लेखी काहीच नाही, सगळं तोंडी, बैठकीच्या वहीला कोणी हात लावू देत नाही आणि साक्षीला कोणी येणार नाही. काका-काकू गावात दोघंच, आम्ही सगळे मुंबईला, गाव सोडायचा विषय नाही.

कोणी अशी केस प्रत्यक्ष चालवली असेल तर सांगा, दुकानदाराचं फोन रेकॉर्डिंग पुरावा म्हणून चाललं का, आणि परत पोलिसांकडे लेखी अर्ज द्यावा की थेट मॅजिस्ट्रेटकडे जावं?