मदत हवी आहे: कुत्री घरात आल्यापासून बोका गादीवर शू करतोय

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे दोन प्राणी आहेत. बंड्या हा बोका, वय पाच, नसबंदी झालेली, लहानपणापासून फ्लॅटमध्येच वाढलेला. आणि चिंगी, साधारण वर्षाची देशी कुत्री, यंदा पावसाच्या तोंडावर सोसायटीच्या पार्किंगमधून घरी आली. दोघांवरही आमचा जीव आहे. दोघांपैकी कुणालाही दुसरीकडे द्यायचं नाही, तेव्हा कृपया तो सल्ला नको.

बंड्या हल्ली दिवसभर बेडरूममधल्या कपाटावर बसून असतो. पोटाकडचे केस चाटून चाटून पार विरळ करून टाकलेत. आणि आता लिटरचा डबा (शू-शीसाठी मांजराची खास माती घातलेला) सोडून आमच्या गादीवर शू करायला लागलाय, सासूबाईंच्या गोधडीवरही झाली. घरात सगळे म्हणतात, कुत्रीचा राग काढतोय. मला ते अजिबात पटत नाही. इतकी वर्षं डब्याबाहेर थेंबही न सांडणारा बोका उगाच असं करणार नाही, त्याला काहीतरी होतंय.

व्हेटकडे नेलं होतं. लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी झाली. खडे नाहीत, इन्फेक्शन नाही. ताणामुळे मूत्राशयाला सूज येते, त्यातला हा प्रकार आहे असं निदान झालं. औषध सुरू आहे, पण घरातलं वातावरण बदललं नाही तर पुन्हा पुन्हा होईल असंही सांगितलं. नेमकं काय बदलायचं हे मात्र बोलणं झालं नाही, बाहेर रांग होती.

म्हणून मी दोघांकडे नीट लक्ष द्यायला लागले. चिंगी कपाटाखाली येऊन उभी राहते. भुंकत नाही, गुरगुरत नाही. तोंड मिटलेलं, एक पंजा किंचित उचललेला, मान वर आणि नजर बंड्यावर खिळलेली. वर बंड्याचे कान आडवे होतात आणि शेपटीचं टोक तेवढं कपाटावर आपटत राहतं. आवाज काहीच नाही, त्यामुळे घरात कुणाला यात वावगं वाटत नाही. मला वाटतं, सगळं पाणी इथेच मुरतंय.

या नजरेबद्दल थोडं वाचलं. जपानमधल्या आझाबू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे माया-जवळीकीशी जोडलेलं संप्रेरक वाढतं. चिंगी आमच्याकडे तशी बघते तेव्हा ती माया असते, हे कळतंच. मांजराला मात्र कुणी टक लावून बघितलं की धमकी वाटते. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाचा २०२० चा अभ्यास आहे: माणसाने डोळे बारीक करून सावकाश उघडझाप केली की मांजरंही तशीच उघडझाप करतात, आणि अनोळखी माणसाने तसं केलं तरी त्याच्या हाताजवळ यायला जास्त तयार होतात. मी बंड्याशी हे करून बघते. तो छान उत्तर देतो, पण चिंगी खोलीत नसेल तरच.

आता घराची रचना सांगते. दोन बेडरूमचा फ्लॅट. लिटरचा डबा एकच, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी. तिथे जायला हॉल आणि स्वयंपाकघर ओलांडावं लागतं. चिंगीची गादी हॉलमध्ये, स्वयंपाकघराच्या दाराशी. बाल्कनी रोज फिनाईलने पुसली जाते. चिंगीला सकाळ-संध्याकाळ खाली नेतो, भराभर चालवून आणतो, तरी वर आली की लगेच बंड्याच्या मागे.

चिंगीचं हे टक लावून बघणं शिकवून कमी होतं का? दुसरा डबा ठेवायचा तर कुठे? की दोघांना पूर्ण वेगळं करून पहिल्यापासून ओळख करून द्यायची? ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद:
कुत्रीला एकदा जोरात दम द्या. दोन दिवसांत सरळ होईल.

प्रतिसाद:
वरच्या सल्ल्याशी पूर्ण असहमत. बंड्याकडे बघितलं की ओरडा बसतो, एवढंच चिंगी त्यातून शिकेल. मग तिला बंड्याच नकोसा होईल.

आमच्याकडे तीन मांजरं आणि एक लॅब (लॅब्रॅडोर कुत्रा) आहे. तुमचं वर्णन वाचून मला सगळ्यात आधी खटकली ती चिंगीच्या गादीची जागा. डब्याकडे जायची वाटच तिने अडवली आहे, तिच्या मनात काही नसलं तरी. मांजर शक्यतो भांडण टाळतं. वाट मोकळी होईपर्यंत दाबून धरतं आणि शेवटी जिथे सुरक्षित वाटतं तिथे करतं. एएएफपी आणि आयएसएफएम या मांजरांच्या डॉक्टरांच्या संघटनांनी २०१३ साली मांजराच्या घराबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात हे ठळकपणे आहे: खाणं, पाणी, डबा, झोपायची जागा हे एकाहून जास्त ठिकाणी आणि एकमेकांपासून लांब हवं.

तेव्हा गादी आजच हलवा. दुसरा डबा बेडरूममध्येच ठेवा. मोठा, झाकण नसलेला, लिटर बिनवासाचं. दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसं बुटकं गेट लावा, पण चिंगी ते उडी मारून ओलांडत नाही ना हे आधी बघा, देशी कुत्री चपळ असतात. बंड्याचं पाणी आणि खाणंही आत, डब्यापासून लांब. खाणं शक्यतो ओलं द्या, म्हणजे पोटात पाणी जास्त जाईल. या दुखण्यात ते फार महत्त्वाचं आहे.

फिनाईल ताबडतोब बंद करा. फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, आणि मांजर फरशीवरून चालून पंजे चाटतंच. शिवाय तो उग्र वास डब्याच्या शेजारी. गादी आणि गोधडीला एन्झाइमवालं क्लीनर वापरा. नुसत्या साबणाने आपल्याला वास येत नाही, त्याला येतो.

नजरेचं म्हणाल तर हो, कमी होते. चिंगीला घरात काही दिवस हलक्या पट्ट्यावर ठेवा. तिने बंड्याकडे बघितलं की पहिल्या क्षणालाच नाव घ्या, तुमच्याकडे वळली की खाऊ. एकदा ती खिळली की हाक ऐकू येत नाही, म्हणून त्याच्या आधी. दोघांच्या अंगावरून वेगवेगळी फडकी फिरवून एकमेकांच्या खाण्याजवळ ठेवा, वासाची ओळख आधी होऊ दे. मग गेटच्या दोन बाजूंना, लांबून. बंड्याने खाणं सोडलं तर अंतर वाढवा.

आणि तिला खाली भराभर चालवू नका! लांब पट्टा लावा आणि हुंगू द्या. ड्युरँटन आणि हॉरोविट्झ या संशोधक बाईंचा २०१९ चा प्रयोग आहे. दोन आठवडे रोज वासाने शोधायचे खेळ खेळलेले कुत्रे, मालकाच्या पायाशी चालायचा सराव केलेल्या कुत्र्यांपेक्षा जास्त आशावादी झाले. रिकामं आहे की भरलेलं हे माहीत नसलेल्या भांड्याकडे ते लवकर जायला लागले. आमच्या लॅबला एकेका झाडाशी हवं तेवढं थांबू देतो, घरी येऊन गाढ झोपतो.

प्रतिसाद:
बोका आहे म्हणून एक गोष्ट. डब्यात बसून जोर करतोय, ओरडतोय आणि लघवी थेंबभर किंवा काहीच नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, या सुजेत तो बंद होऊ शकतो आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. रात्री उघडा असलेला जवळचा दवाखाना आत्ताच शोधून ठेवा. आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका, मांजराला ती विष आहे.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रीचा दवाखाना शोधून नंबर फ्रिजवर लावला. गादी हॉलच्या दुसऱ्या टोकाला हलवली, चिंगीने फारशी कुरकुर केली नाही. फिनाईलचं सासूबाईंना समजावलं, बंड्याच्या यकृताला त्रास होतो म्हटल्यावर त्यांनी बाटलीच उचलून खाली नेऊन दिली. गेट बघतेय, चिंगीच्या उडीचा अंदाज घेऊन मगच उंची ठरवीन.

आणखी एक विचारायचंय. घर भाड्याचं आहे, भिंतीला भोकं पाडायला मालकांची परवानगी नाही. कपाटावरून खिडकीपर्यंत बंड्याला जमिनीवर न उतरता जाता येईल अशी वाट ड्रिल न करता कुणी केली आहे का? बंड्याचं वजन साडेपाच किलो आहे. फोटो असतील तर नक्की टाका.