मुलगा २ वर्षं १० महिन्यांचा, ऑटिझम सांगितलाय. पुण्याला शिफ्ट व्हावं का?

बार्शीची_आई

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, मोठं झालं तर सांभाळून घ्या. मुलगा दीड वर्षाचा असताना बाबा, चिऊ, दे असं बोलायचा, मग हळूहळू ते बंदच झालं. हाक मारली तर बघत नाही पण आतल्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला तरी पळत येतो, कानाची बेरा टेस्ट पण केली, नॉर्मल आली. पाणी हवं असलं की माझा हात धरून माठापाशी नेतो, तोंडाकडे बघत नाही. चपला एका रांगेत लावतो, एक जरी हलवली तर तासभर रडतो. मिक्सर लावला की कान दाबून कोपऱ्यात बसतो. सोलापूरच्या डॉक्टरांनी मागच्या महिन्यात ऑटिझम लिहून दिलं, स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आठवड्यातून दोनदा सांगितलंय. एसटीने जाऊन येऊन अख्खा दिवस जातो आणि स्टँडवरच्या गर्दीला तो इतका घाबरतो की थेरपीला पोचेपर्यंत रडून रडून झोपलेला असतो.

घरी सासूबाई म्हणतात ह्याचा बाप पण चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, काही झालेलं नाही. नणंद म्हणते मोबाईल दिलास म्हणून झालं. परवा एकीने विचारलं, गरोदरपणात काय खाल्लं होतंस? त्या रात्री झोपच लागली नाही. मिस्टरांचं इथे शेत आणि खताचं दुकान आहे, ते सोडून पुण्याला जावं का? एका ओळखीच्यांनी स्टेम सेलचं (शरीरात मूळ पेशी सोडायचा उपचार) सांगितलंय, काही लाख लागतात पण मूल बोलायला लागतं म्हणे. माझे दागिने आहेत. खरं काय ते सांगा.

नाशिकचा_बाप

ताई, दागिने कपाटातच राहू द्या. स्टेम सेलने ऑटिझम जातो याला पुरावा नाही. आयसीएमआर म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद, त्यांच्या २०१७ च्या नियमांत मान्य आजार सोडून बाकी कुठेही हे फक्त ट्रायल म्हणूनच करता येतं, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेत नाहीत. २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशननेही ऑटिझमसाठी हे करू नका असं स्पष्ट सांगितलंय. माझा मुलगा आता ९ वर्षांचा आहे. आम्ही स्टेम सेल नाही केलं पण दुसऱ्या एका ठिकाणी "६ महिन्यांत बरा करतो" म्हणून पॅकेजचे पैसे भरले होते, तिथे आईबापाला आत बसू द्यायचे नाहीत. तो बाहेर आला की शर्ट घामाने भिजलेला असायचा. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

दुसरं म्हंजे तुम्ही काय खाल्लंत याचा काही संबंध नाही हो. १९४३ साली लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरने ऑटिझमबद्दल पहिल्यांदा मांडलं आणि पुढे कितीतरी वर्षं मोठमोठे डॉक्टरच आईला दोष देत होते, आईने माया केली नाही म्हणून मूल असं झालं म्हणायचे. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ते खोडून काढलं, त्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. मेंदूची घडण मुळातच वेगळी असते आणि त्यात जनुकांचा वाटा मोठा. मोबाईलनेही होत नाही, स्क्रीन कमी करा ते वेगळ्या कारणासाठी, त्या वेळात त्याच्याशी खेळता येतं म्हणून.

शिफ्ट व्हायची घाई नका करू. सिव्हिल हॉस्पिटलला डीईआयसी (लहान मुलांसाठीचं सरकारी उपचार केंद्र) आहे का विचारा, लहान मुलांची तपासणी आणि थेरपी तिथे मोफत असते. अंगणवाडीत आरबीएसकेचं (मुलांच्या आरोग्य तपासणीची सरकारी योजना) पथक येतं, त्यांच्याकडून चिठ्ठी घेतलीत तर सोपं पडेल. यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) फॉर्म ऑनलाइन भरून ठेवा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे, सिव्हिलला तपासून टक्केवारी लिहितात, लहान मुलांना सहसा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. ते आलं की नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेचा निरामय आरोग्य विमा काढा, वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात थेरपीचाही खर्च काही मर्यादेपर्यंत मिळतो. बिलं जपून ठेवायची. मिस्टर जुन्या पद्धतीने इन्कम टॅक्स रिटर्न भरत असतील तर दिव्यांग मुलासाठी ७५ हजारांची वजावट पण आहे.

स्पीचवाली_कोल्हापूर

मी स्पीच थेरपिस्ट आहे. तुमच्या पोस्टमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तो हात धरून माठापाशी नेतो, तो तुमच्याशी बोलतोच आहे, फक्त शब्दाने नाही. आता असं करा, माठापाशी गेलात की लगेच पेला भरू नका, खाली बसा, तुमचं तोंड त्याच्या तोंडासमोर येईल असं, पेला दाखवा आणि मनात पाच आकडे मोजा. त्याने नुसतं पेल्याकडे किंवा तुमच्याकडे बघितलं तरी "पाणी!" म्हणून द्या. "म्हण पाणी, म्हण ना" असं अडवून धरू नका, तहानलेल्या पोराची परीक्षा नको. दिवसातून दहा वेळा पाणी लागतं म्हणजे दहा वेळा सराव झाला, तोही एसटीत न बसता.

चपलांच्या रांगेत तुम्ही पण एक चपल ठेवून बघा, आधी त्याच्या रांगेत, त्याच्याच पद्धतीने. त्याने चालवून घेतलं की पाळीपाळीने ठेवा. चित्रं दाखवून मागायला शिकवलं तर मूल बोलायचं थांबेल ही भीती बऱ्याच जणांना असते, तसं होत नाही, उलट रडणं कमी होतं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं, चित्रांवर बोट ठेवून बोलायचं जेलो ॲप फुकट आहे आणि मराठीत चालतं. सोलापूरच्या थेरपिस्टना स्पष्ट सांगा की आम्ही पंधरा दिवसांनी येऊ, घरी करायचं लिहून द्या आणि आम्हाला आत बसू द्या, मधल्या काळात व्हिडिओ पाठवू.

आजी_सातारा

बाळ, तुझ्या सासूबाईंसारखीच मी पण म्हणायचे, बोलेल की उशिरा. सुनेला दीड वर्ष डॉक्टरकडे जाऊ दिलं नाही. मला वाटायचं नाव पडलं की पोराला वेडा म्हणतील. नातू चार वर्षांचा झाला तेव्हा सुनेनं मला एकदा थेरपीला नेलं. तिथल्या बाईंनी त्याला झोक्यावर बसवलं आणि त्यानं माझ्याकडे बघून हात पुढे केला. चार वर्षांत पहिल्यांदा. मी तिथंच रडले. तू सासूबाईंना समजावत बसू नकोस, एकदा बरोबर घेऊन जा.

आणि मिक्सरचं सांगते. लावायच्या आधी मी त्याला बरणीतली डाळ दाखवते, "आता घर्रर्र होणार" म्हणते, तो कान झाकून परसात जातो, बंद झाला की हाक मारते. कुकरला पण तसंच. आता तोच मला हात धरून मिक्सरपाशी नेतो आणि मग पळतो.

बार्शीची_आई

सगळ्यांचे खूप आभार. आज सकाळी माठापाशी बसले, चौथ्या वेळी त्याने एक सेकंद माझ्याकडे बघितलं. आजी, तुमचं लिहिलेलं सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या काही बोलल्या नाहीत पण गुरुवारी सोलापूरला येते म्हणाल्या. एकच अजून, शाळेचं काय? इथल्या एका बालवाडीने "बोलत नाही तर कसं घ्यायचं" म्हणून परत पाठवलं.

नाशिकचा_बाप

अपंगत्व आहे म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, त्याच २०१६ च्या कायद्याच्या १६ व्या कलमात आहे, पण ते मान्यताप्राप्त किंवा सरकारी अनुदानाच्या शाळांना लागू होतं, खासगी बालवाडीशी भांडण्यात शक्ती नका घालवू. सध्या अंगणवाडीत रोज तासभर बसवा, ताईंना आधीच भेटून मिक्सरचं, चपलांचं सगळं सांगा. पहिलीच्या आधी पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात जा, समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक तिथे असतात. गुरुवारी सिव्हिलला पण जाणार असाल तर दिव्यांग तपासणीचा वार कुठला ते आधी फोन करून विचारा, आधारच्या झेरॉक्स आणि बेराचा रिपोर्ट बरोबर ठेवा, आणि त्याला आवडणारी एखादी चपल पिशवीत टाका, रांगेत फार वेळ जातो.