दारा सिंग यांच्या फ्रीस्टाइल कुस्त्या खऱ्या होत्या का?

प्रश्न :
माझे आजोबा गिरणी कामगार होते. पाळी सुटली की ते वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारा सिंग यांच्या कुस्त्या पाहायला जात. सुमारे दोनशे किलो वजनाच्या किंग काँग नावाच्या पैलवानाला दारा सिंग यांनी डोक्यावर उचलून गरगर फिरवल्याचे ते अखेरपर्यंत सांगत असत. आता माझा मुलगा विचारतो की, या कुस्त्यांचे निकाल आधीच ठरलेले असतील, तर ती कारकीर्द मोठी कशी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ :
आपल्याकडे ‘फ्रीस्टाइल’ या नावाने जे गाजले, ती व्यावसायिक कुस्ती होती आणि त्या व्यवसायात निकाल आधी ठरवण्याची पद्धत जगभर होती, हे मुलाला सरळ सांगावे. मात्र दारा सिंग रिंगणात आले ते मातीतूनच. अमृतसर जिल्ह्यातल्या धरमूचक गावी १९२८ साली जन्मलेला हा पैलवान चाळीसच्या दशकाच्या अखेरीस सिंगापूरला गेला, तिथे नव्या पद्धतीची कुस्ती शिकला आणि मायदेशी परतल्यावर १९५४ साली ‘रुस्तम-ए-हिंद’ या किताबाचा मानकरी झाला. १९५९ मध्ये कलकत्त्यात कॅनडाचे पैलवान जॉर्ज गॉर्डिएंको यांना हरवून त्यांनी राष्ट्रकुल विजेतेपद घेतले आणि २९ मे १९६८ रोजी मुंबईत अमेरिकन पैलवान लू थेझ यांच्यावर मात केली. थेझ हे खऱ्या पकडींचे पक्के जाणकार होते. अशा माणसासमोर कच्चा गडी उभा करून लोकांना रमवता येत नाही. शेवटची कुस्ती १९८३ मध्ये दिल्लीत झाली. तीन दशकांहून अधिक काळ शरीर असे राखणे मला कोणत्याही किताबापेक्षा मोठे वाटते.

उत्तर २ :
मी सांगलीकडच्या एका तालमीत वाढलो. आमचे वस्ताद ‘फ्रीस्टाइल’ला नुरा कुस्ती, म्हणजे आधी ठरवून केलेली लुटुपुटूची कुस्ती, म्हणत आणि त्या गड्यांची नावेही काढू देत नसत. पुढे मी काही महिने रिंगणातली कुस्ती शिकलो, तेव्हा पहिले कित्येक दिवस फक्त पडायला शिकवले : हनुवटी छातीला लावायची, दोन्ही हात तळव्यांसकट सपाट आपटायचे आणि डोके मागे जाऊ द्यायचे नाही. गादी पातळ, खाली फळ्या. संध्याकाळी पाठ अशी काळीनिळी व्हायची की उताणे झोपता येत नसे. निकाल ठरलेला असला तरी फळी ठरवून मऊ होत नाही.

उत्तर ३ :
आजोबांनी सांगितलेल्या प्रसंगाबद्दल एक गोष्ट जोडतो. एवढा अवजड गडी डोक्यावर घ्यायचा, तर उचलणाऱ्याच्या मांड्यांत आणि कमरेत बळ हवेच, पण उचलल्या जाणाऱ्यानेही अंग ताठ धरून तोल सांभाळावा लागतो. तो गडबडला तर दोघांच्याही मानेला धोका. म्हणून त्या क्षणाचे अर्धे श्रेय मी मनापासून किंग काँगला देतो. तिकीट काढून आलेली माणसे त्याला शिव्या घालत आणि तो त्या ऐकून घेत दारा सिंग यांना मोठे करत असे. मुलाला दारा सिंग यांच्याबरोबर त्याच्याबद्दलही सांगावे.