ॲपलेटमधनं डेटाबेसला जोडताना ॲक्सेस डिनाइड येतंय

सांगलीकर: मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडतीत जुनं जावा ॲपलेट (ब्राउझरात चालणारा छोटा प्रोग्रॅम) आहे, सौद्याच्या पट्ट्या त्यातनंच निघतात, परवा त्याचा डेटाबेस, मायएसक्यूएल, दुसऱ्या मशीनवर हलवला आणि आता ॲपलेट चालवणाऱ्या जुन्या ब्राउझरात उघडलं की एरर येतो: ॲक्सेस डिनाइड, सॉकेटपरमिशन (नेटवर्कवरनं जोडायची परवानगी), पुढं नव्या मशीनचा आयपी आणि मायएसक्यूएलचा पोर्ट ३३०६. तोच कोड ब्राउझरशिवाय, थेट मेन मेथडमधनं झकास चालतोय. डोकं फिरलंय राव.

भडंगप्रेमी: मेनला सँडबॉक्स (परक्या कोडभोवती जावा घालतं ते कुंपण) नसतो म्हणून चालतंय. साइन न केलेलं ॲपलेट ज्या सर्व्हरवरनं उतरलं त्याच्याशीच बोलतं, नवं मशीन त्याला परकं. मायएसक्यूएलमधले ग्रँट (युजरला दिलेले हक्क) बघत बसू नका, गडी अजून मायएसक्यूएलच्या दारापर्यंत पोचलाच नाही.

सांगलीकर: आयला, काल रात्रभर ग्रँटच देत बसलेलो. जावाच्या पॉलिसी फाइलमध्ये (कुठल्या कोडला काय करू द्यायचं ते त्यात असतं) परमिशन टाकू का?

भडंगप्रेमी: टेस्टिंगपुरती टाका, नायतर प्रत्येक पीसीवर जाऊन टाकत बसाल. त्यापेक्षा जारसाइनर या जावाच्या टूलनं ॲपलेटचा जार (कोडची पॅक केलेली फाइल) साइन करा, डेटाबेसला जोडणाऱ्या ड्रायव्हरचा जारपण. फक्त जावा ७ अपडेट ५१ पासनं घरगुती, म्हणजे स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट डीफॉल्टला ब्लॉक होतं, मग जावाच्या एक्सेप्शन साइट लिस्टमध्ये ॲपलेटच्या साइटचा पत्ता घालायला लागतो.

कृष्णाकाठ: माझं ऐकाल तर मधे सर्व्हलेट (सर्व्हरवर चालणारा जावा प्रोग्रॅम) घाला, डेटाबेसशी तोच बोलेल. आणि डेटाबेसचा पासवर्ड जारमध्येच आहे का? उघडून बघणाऱ्याला दिसतो तो.

सांगलीकर: आहे की. हळद१२३. आधी तो बदलतो.