लंडन ते सिडनी: नेमके किती तास? तातडीने मदत हवी

निळाई
अंतर 17,000 किमी दिसतंय. ताशी 900 धरले तर 19 तास होतात. तिकिटावर मंगळवारी रात्री 8:30ला निघून गुरुवारी पहाटे 5:30ला पोहोचणार, म्हणजे 33 तास! एक साइट 22 सांगते, दुसरी 24. जाणकारांनी कृपया एकच आकडा द्या, आज रात्रीच हवाय.

भटक्या
तारीख काय? थांबा कुठे? एवढं तरी लिहा की.

निळाई
सिंगापूरला थांबा. तारखेने अंतर बदलतं का?

पूर्वाई
सिंगापूर कशाला? पर्थवरून जा. लंडन-पर्थ 2018 पासून विनाथांबा आहे, 14,500 किमी, साधारण 17 तास. मी गेलेय, मस्त झोप होते.

भटक्या
आणि पर्थ-सिडनी कोण मोजणार? आणखी 3,300. एकूण 17,800 होतात. सिंगापूरवरून 17,200च, म्हणजे जवळजवळ सरळ रेषेतच.

पूर्वाई
किलोमीटर मोजून थकवा कळत नाही हो. माझं मत पर्थच.

गगनवेडा
1989 मध्ये क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीचं बोइंग 747-400 विमान लंडनहून थेट सिडनीला गेलं होतं, न थांबता, 20 तास 9 मिनिटांत! तिकीट काढलेले प्रवासी नव्हते अर्थात. इंधनाचा थेंब न थेंब वाचवायचा होता.

निळाई
विषय भरकटतोय. 31 मार्चला निघायचंय. बाबांची गोळी दर 12 तासांनी असते, म्हणून विचारतेय.

रानवारा
हे आधी सांगायचंत! अंतर तेच राहतं, घड्याळं बदलतात. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं, सिडनीत एप्रिलच्या पहिल्या रविवारी तासभर मागे. त्याआधी दोन्हीकडच्या वेळेत 11 तासांचा फरक, त्यानंतर 9चा. तुम्ही नेमक्या मधल्या दिवसांत निघताय, तेव्हा 10. 33 वजा 10, म्हणजे 23 तास. सिंगापूरचा थांबा यातच आला. 22 आणि 24 कुठून आले तेही बघा: एकीने 11 वजा केले असणार, दुसरीने 9.

निळाई
सुटले! परत 20 एप्रिलला, सिडनीहून दुपारी 3:30, लंडनला दुसऱ्या दिवशी सकाळी 6:30.

रानवारा
तिकिटावर 15 तास दिसतात, त्यात 9 मिळवा. 24. पश्चिमेकडे येताना बहुतेक वेळा वारा समोरून असतो, त्यामुळे जास्तच लागतात. एक घड्याळ लंडनच्या वेळेवरच ठेवा आणि गोळी त्यावर द्या. सिडनीत पोहोचल्यावर वेळ कशी सरकवायची ते मात्र डॉक्टरांनाच विचारा. गोळ्या हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट.

पूर्वाई
बाबा बरोबर असतील तर पर्थला एक रात्र मुक्काम कराच. विचार करा.