विषय: गणेशोत्सव २०२५, तिकिटांचे पैसे अद्याप जमा नाहीत

सर्व पदाधिकाऱ्यांना सप्रेम नमस्कार,

गणेशोत्सवाचा कार्यक्रम शनिवारी, ३० ऑगस्टला पार पडला, परंतु आज ५ सप्टेंबर उजाडला तरी तिकीटविक्रीची रक्कम मंडळाच्या खात्यात आलेली नाही. केटररचे आणि सभागृहाच्या भाड्याचे पैसे देणे आहे. तिकिटांच्या संकेतस्थळावर ‘खात्याची पडताळणी बाकी’ अशी पिवळी पट्टी दिसते. मंडळाचे नवे खाते मी जुलैतच तिथे नोंदवले होते. माझ्याकडून काही राहिले आहे का, हे जाणकारांनी कृपया कळवावे.

आपली,
खजिनदार

उत्तर:

नमस्कार,

नुसता उशीर म्हणाल, तर काळजीचे कारण नाही. संकेतस्थळाकडून पैसे निघायला कार्यक्रमानंतर पाच कामकाजाचे दिवस मोजतात आणि १ तारखेला इथे अमेरिकेत लेबर डेची (कामगार दिनाची) सुट्टी असल्यामुळे मोजणी मंगळवारी सुरू झाली, म्हणजे पैसे सोमवारी, ८ तारखेला निघायला हवेत. पिवळी पट्टी मात्र तशी सोडून देण्यासारखी नाही. खाते नोंदवल्यावर पडताळणीसाठी काही सेंटांच्या दोन रकमा जमा होतात. जुलैच्या बँक विवरणात त्या शोधाव्यात आणि नेमके आकडे संकेतस्थळावर भरावेत. राउटिंग क्रमांकही (बँकेची ओळख सांगणारा क्रमांक) ताडून पाहावा, कारण काही बँकांत वायरचा (थेट तातडीने पैसे पाठवण्याचा) आणि एसीएचचा (बँकांमधील नेहमीच्या इलेक्ट्रॉनिक हस्तांतरणाचा) क्रमांक वेगळा असतो. चेकच्या तळाशी डावीकडे छापलेला नऊ आकडी क्रमांक सहसा एसीएचला चालतो, तरी बँकेला एकदा विचारलेले बरे.

नावाची बाब अधिक नाजूक आहे. डब्ल्यू-९ अर्जावरील (पैसे देणाऱ्याला आपली करविषयक माहिती देण्याच्या अर्जावरील) नाव आणि ईआयएन (संस्थेचा करक्रमांक) आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकी करखात्याच्या, पत्राशी तंतोतंत जुळले पाहिजेत, नाहीतर २४ टक्के रक्कम कापून सरकारजमा होऊ शकते. माझ्या कारकिर्दीत ते पत्र कुणाच्या तरी गॅरेजमधल्या तोरणांच्या खोक्यात अडकले होते, म्हणून मी आपला माझाच सोशल सिक्युरिटी क्रमांक (व्यक्तीचा सरकारी ओळखक्रमांक) भरून मोकळा झालो. पुढच्या जानेवारीत १०९९-के (मिळालेल्या रकमांची माहिती करखात्याला देणारा अर्ज) माझ्या नावाने घरी आला आणि पुरणपोळीच्या जेवणाचे ते डॉलर माझी कमाई नव्हेत, हे सीपीएला (माझ्या हिशेबतपासनिसाला) पटवण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

रक्कम आली तरी सगळी लगेच वाटून टाकू नये. कार्डाच्या विवरणात मंडळाऐवजी संकेतस्थळाचे नाव दिसते, ते न ओळखता एखाद्या सभासदाने बँकेकडे तक्रार केली, की तिकिटाचे पैसे आणि वर दंड आपल्याच खात्यातून वळता होतो. आणि कृपा करून आत्ता घाईने खाते बदलू नका, पडताळणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.

आपला,
माजी खजिनदार

उत्तर:

काका, मनापासून आभार. जुलैच्या विवरणात १७ आणि ३२ सेंटांच्या दोन नोंदी सापडल्या, परंतु आकडे भरण्याची मुदत उलटून गेली होती, त्यामुळे नव्या रकमा मागवल्या आहेत. डब्ल्यू-९ वर ‘इन्कॉर्पोरेटेड’ हा शब्द राहून गेला होता, तोही दुरुस्त केला. केटरर पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबायला तयार आहेत. सभागृहाचे भाडे मी तूर्त मंडळाच्या बचत खात्यातून देत आहे, त्याला अध्यक्षांनी याच मेलवर संमती द्यावी.

आपली,
खजिनदार