सहा अक्षरांच्या खुणेवरून प्रथिनाला नेमकं जनुक सापडतं कसं?

बारावी_जीवशास्त्र (गडचिरोली)

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात लॅक ओपेरॉन (जिवाणूतली लॅक्टोज पचवणाऱ्या जनुकांची जोडणी) शिकवत होतो. रिप्रेसर हे प्रथिन ऑपरेटरवर, म्हणजे डीएनएवरच्या आपल्या जागेवर, जाऊन बसतो, जनुक बंद, असं नेहमीसारखं फळ्यावर काढलं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, पण त्याला जागा कळते कशी? आणि माणसाच्या पेशीत?" मी म्हटलं, आकार जुळतो, कुलूप-किल्लीसारखा. माणसाच्या अशा प्रथिनांची डीएनएवरची खूण साधारण ६ ते १२ अक्षरांची असते, हेही सांगितलं. तिने वहीत हिशेब केला: चार अक्षरं (ए, टी, जी, सी), सहा जागा, म्हणजे ४०९६ अक्षरांत एकदा. माणसाच्या डीएनएच्या ३१० कोटी अक्षरांत साडेसात लाख वेळा. "मग साडेसात लाख कुलपं आणि किल्ली एकच?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला ते नीट द्यायचंय. आमच्याकडे बऱ्याच घरांत सिकलसेल आहे, म्हणून तांबड्या पेशींचं उदाहरण मिळालं तर फार बरं.

रक्तपेशी

सर, मुलीचा हिशेब बरोबर आहे. खरं तर परिस्थिती त्याहून कठीण आहे.

तांबड्या पेशी घडवणारं मुख्य प्रथिन म्हणजे गाटा-१. त्याच्या खुणेत मधली चार अक्षरं, जीएटीए, पक्की. अलीकडे ए किंवा टी चालतो, पलीकडे ए किंवा जी. म्हणजे १०२४ अक्षरांत एकदा, आणि डीएनएचे दोन्ही धागे धरले तर सुमारे ६० लाख जागा. प्रत्यक्षात तांबड्या पेशीच्या पूर्वज पेशीत गाटा-१ ठळकपणे बसलेलं दिसतं ते काही हजार जागी. (लॅकचा ऑपरेटर जवळपास २१ अक्षरांचा, आणि ई. कोलाय या जिवाणूचा सगळा डीएनए ४६ लाख अक्षरांचा. तिथे खूण एकटीच पुरेशी ठरते. त्यामुळे लॅकवरून माणसाकडे उडी मारली की मुलं अडतात, यात तुमची चूक नाही.)

कोल्हापूर जिल्ह्यात जाऊन "पाटलांचं घर कुठंय?" विचारल्यासारखं आहे हे. आडनाव खरं, पण गाव आणि आळी कळल्याशिवाय उपयोग नाही.

गाव म्हणजे क्रोमॅटिन. आपला डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या गुंडाळ्यांवर वेढलेला असतो, एकेका गुंडाळीवर १४७ अक्षरं. कुठल्याही एका प्रकारच्या पेशीत त्यातला काही टक्केच भाग मोकळा असतो, आणि बसलेली बहुतेक प्रथिनं त्या मोकळ्या भागातच सापडतात. बीटा-ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवणाऱ्या) जनुकाजवळचा जो भाग तांबड्या पेशीत उघडा, तोच यकृताच्या पेशीत मिटलेला.

आळी म्हणजे शेजारी. गाटा-१ सहसा एकटं बसत नाही. टाल-१ नावाच्या प्रथिनाची खूण बऱ्याचदा ९-१० अक्षरांवर असते, म्हणजे डीएनएच्या जवळपास एका पिळाइतकी दूर. दोघं एकाच बाजूला येतात आणि एलडीबी-१ हे तिसरं प्रथिन त्यांना जोडून धरतं. दोन कमकुवत पकडी मिळून एक पक्की पकड होते.

मी हे रोज बघते. पेशींवर दहा मिनिटं फॉर्माल्डिहाइड घालून प्रथिनं आहेत तिथेच थिजवायची, डीएनएचे तुकडे करायचे, प्रतिपिंडाने गाटा-१ ओढून काढायचं आणि सोबत आलेला डीएनए वाचायचा. पडद्यावर ग्लोबिनचा भाग उघडला की एचएस-२ या नियंत्रक जागेपाशी सुळका उभा असतो, म्हणजे तिथे गाटा-१ बसलेलं. त्याच खिडकीत अक्षरशः तीच सहा अक्षरं आणखी कितीतरी ठिकाणी आहेत, तिथे रेघ सपाट. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ त्या सपाट रेघेकडेच बघत बसले होते.

सूक्ष्मदर्शी

वेळेबद्दल जोडतो. "जाऊन बसतो" म्हटलं की मुलांना वाटतं, कायमचा बसतो. उंदराच्या मूळपेशींत सॉक्स-२ या अशाच एका प्रथिनाचा एकेक रेणू चमकवून पाहिला गेलाय (२०१४). चुकीच्या जागी तो सेकंदभरही टिकत नाही, बरोबर जागी साधारण १२ सेकंद. आणि दोन बरोबर जागांच्या मध्ये जवळपास सहा मिनिटं नुसता शोध, ऐंशी-नव्वद ठिकाणी टेकून उठत.

मिटलेला भाग आधी उघडतो कोण, हा पुढचा प्रश्न मुलगी विचारणारच. काही प्रथिनं गुंडाळीवरच्या डीएनएलाही धरू शकतात. त्यांना पायोनियर म्हणतात. यकृतातलं फॉक्स-ए हे अभ्यासलं गेलेलं पहिलं मोठं उदाहरण.

बारावी_जीवशास्त्र (गडचिरोली)

पाटलांचं उदाहरण उद्याच वापरतो. पण सिकलसेलशी याचा थेट संबंध आहे का? मुलं तेच विचारतील.

रक्तपेशी

अगदी थेट आहे.

बाळ पोटात असताना हिमोग्लोबिनमध्ये गॅमा साखळी असते, तिला सिकलचा दोष नाही, तो बीटा साखळीत असतो. जन्मानंतर बीसीएल-११ए नावाचं प्रथिन गॅमाचं जनुक दाबतं. ते बनवणाऱ्या जनुकाच्या आत, सुरुवातीपासून ५८ हजार अक्षरांवर, एक एन्हान्सर (जनुकाचं काम वाढवणारा डीएनएचा तुकडा) आहे आणि त्यात गाटा-१ ची एक खूण आहे. कॅसजेव्ही या सिकलसेलवरच्या जनुकीय उपचारात रुग्णाच्या रक्त-मूळपेशी काढून क्रिस्परने, म्हणजे डीएनए कापणाऱ्या कात्रीने, तेवढी एकच खूण मोडतात. गाटा-१ ला जागा सापडत नाही, तांबड्या पेशीत बीसीएल-११ए घटतं, गॅमा परत सुरू होतं. तो एन्हान्सर तांबड्या पेशींतच चालतो, म्हणून बी-लिम्फोसाइटना लागणारं बीसीएल-११ए शाबूत राहतं. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये, अमेरिकेने डिसेंबरमध्ये मान्यता दिली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे आणि आधी तीव्र केमोथेरपी घ्यावी लागते, हेही मुलांना सांगा. त्यांच्या घरचा विषय आहे, अर्धी गोष्ट नको.

त्या मुलीला क्रिस्परला कापायची जागा दाखवणारी ही २० अक्षरं द्या, गाटाची खूण तिलाच शोधू दे:

सी टी ए ए सी ए जी टी टी जी सी टी टी टी टी ए टी सी ए सी

बारावी_जीवशास्त्र (गडचिरोली)

सापडली. सरळ वाचून कुणालाच मिळेना. मग तिने खाली जोडीचा धागा लिहिला, उजवीकडून वाचायला घेतलं आणि तिसऱ्या अक्षरापासून जीएटीएए! आता विचारतेय, कात्री नेमकी कुठे पडते?

रक्तपेशी

जी आणि ए च्या मध्ये.